इंदूरच्या गच्चीवर सेंद्रिय सौर सेल: अतिनील किरणांपासून कसा जपायचा

कर्कवृत्त इंदूरच्या थोडं उत्तरेला, उज्जैनजवळून जातं. म्हणजे जून-जुलैत दोनदा सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. अशा उन्हात सेंद्रिय सौर सेल (कार्बनी रेणूंच्या पातळ थराने वीज बनवणारा) ठेवण्याआधी त्याची रचना बघा. उलट्या रचनेत थर असे असतात: काच, आयटीओ (पारदर्शक वाहक थर), झिंक ऑक्साइड, सक्रिय थर (प्रकाशातून वीज बनवणारा), मॉलिब्डेनम ऑक्साइड, चांदी. काचेतून आलेला प्रकाश आधी झिंक ऑक्साइडला भिडतो. साधारण 375 नॅनोमीटरखालचा प्रकाश शोषून हा थर उत्प्रेरकासारखा वागतो आणि लागून असलेल्या सक्रिय थरातल्या वाय-6 सारख्या सेंद्रिय रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो. साधी काच 320 च्या खालचं बरंचसं अडवते. 320 ते 400 आत येतंच, आणि खरा त्रास तिथलाच.

सेल स्वतः बनवत असाल तर झिंक ऑक्साइडऐवजी टिन ऑक्साइड घ्या. पाण्यातलं 15 टक्के कलिल द्रावण (त्यात अतिसूक्ष्म कण तरंगत असतात) शुद्ध पाण्याने सुमारे 2.7 टक्क्यांवर आणा, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मिनिटाला 3000–4000 फेऱ्यांवर 30 सेकंद स्पिन करा (काच गरगर फिरवून द्रावण पसरवा) आणि 150 अंशांवर अर्धा तास तापवा. त्याआधी आयटीओला 15 मिनिटं यूव्ही-ओझोन द्या (अतिनील दिवा आणि ओझोनने पृष्ठभाग साफ करा), नाहीतर द्रावण पसरत नाही, थेंब गोळा होतात. (अतिनील किरणं आपल्याला हवीशी वाटतात ती एवढ्यापुरतीच!)

मग सीलिंग. ऑक्सिजन आणि ओल असेल तर अतिनील किरणं अडवणारी फिल्म लावूनही सेलची क्षमता उतरते, म्हणून आधी सील, मग फिल्म हा क्रम बदलू नका. पावसाळ्यात तर हे काम नायट्रोजनच्या ग्लव्हबॉक्समध्येच (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) करा. यूव्हीने सुकणारा एपॉक्सी फक्त कडेने लावा, सक्रिय भागापासून किमान 5 मिलिमीटर दूर. 365 नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरताना तो भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाका. हे विसरलं की वाचवायला घेतलेला सेल आपल्याच दिव्याने खराब होतो.

आता फिल्म. 400 पर्यंत अडवणारी, पण दिसायला स्वच्छ हवी; गाड्यांची काळी फिल्म उपयोगाची नाही, ती दिसणारा प्रकाशही खाते. दुकानातच तपासायची असेल तर 365 चा टॉर्च आणि पाचशेची नोट सोबत न्या. टॉर्चखाली नोटेचा क्रमांक चमकतो. मध्ये फिल्म धरल्यावरही चमकला तर ती फिल्म परत करा. जांभळा दिसणारा 395 चा टॉर्च चालत नाही, त्याचा प्रकाश चांगल्या फिल्ममधूनही थोडा निसटतो.

काच-फिल्मवाले साबणाचं पाणी फवारून चिकटवतात. सेलवर तसं करू देऊ नका, पाणी कडेतून आत शिरेल. कोरडी चिकटणारी फिल्म घेऊन रबरी रोलरने एका टोकाकडून दाबत जा. वेगळ्या काचेवर फिल्म लावून ती वर ठेवणं सोपं, पण दोन जास्तीच्या पृष्ठभागांवर सुमारे 8 टक्के प्रकाश परततो.

फिल्म लावल्यावर करंट थोडा घटणारच. पण व्होल्टेज-करंट आलेखात 'एस'सारखा वाक आला, तर घाईने फिल्मला दोष देऊ नका. झिंक ऑक्साइडला नीट वाहक व्हायला थोडी अतिनील किरणं लागतात, ती तुम्ही अडवलीत. ॲल्युमिनियम मिसळलेलं झिंक ऑक्साइड किंवा वर सांगितलेलं टिन ऑक्साइड वापरलं की हा वाक बहुधा जातो. नुसत्या मल्टीमीटरने तो दिसणार नाही; व्हेरिएबल रेझिस्टर लावून मधले बिंदू घ्यावे लागतात.

त्याच बॅचचा एक सेल फिल्मशिवाय शेजारी ठेवा. दर आठवड्याला, त्याच वेळी, आकाश निरभ्र असताना दोन्हींचं माप घ्या. दोन्ही सारखेच उतरत असतील तर फिल्म नाही, कडेचं सील तपासा.