शैक्षणिक कर्ज: हप्ता नंतर, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून

कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीत, जागा मिळाली की ती पक्की करायला हातात मोजके दिवस असतात. कर्जाचा विचार बहुतेक घरांत याच घाईत होतो आणि म्हणून महाग पडतो. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांनी बँकेची पायरी चढण्याआधी एक हिशेब करावा: किती कर्ज घेण्याची गरजच नाही?

विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि आकडा त्यांच्या संकेतस्थळावर असतो. कॉलेजने दिलेला फीचा कागद त्याशेजारी ठेवून ट्यूशन फी आणि डेव्हलपमेंट फी वेगवेगळी बघा, कारण शिष्यवृत्ती ट्यूशन आणि परीक्षा शुल्कावर मिळते, डेव्हलपमेंट फी खिशातूनच जाते. पावती न देता मागितलेले पैसे म्हणजे देणगी. तिला 1987 च्या कायद्याने बंदी आहे आणि बँकही त्यासाठी कर्ज देत नाही.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत खुल्या प्रवर्गाला निम्मी ट्यूशन फी माफ होते. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण माफी आहे. उत्पन्नाखेरीज एक कठोर अट आहे: प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून ‘आवडीची ब्रँच’ घेतली की ही सवलत चारही वर्षं गेली. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून यायला वेळ लागतो, त्यामुळे निकालाची वाट न बघता आधीच अर्ज करा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर फॉर्म भरल्यावर आधारशी जोडलेलं बँक खातं चालू आहे ना, हे तपासा; नाहीतर मंजूर रक्कमही अडकते. आणि हा फॉर्म दर वर्षी भरायचा असतो. दुसऱ्या वर्षी विसरणारे पुष्कळ असतात.

आता कर्ज. 4 लाखांपर्यंत स्वतःचा वाटा लागत नाही. त्यापुढे भारतातल्या शिक्षणासाठी 5 टक्के वाटा घालावा लागतो आणि साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो. ‘नोकरी लागेपर्यंत बिनघोर’ असं घरोघरी समजतात ते यामुळेच. पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढतं.

समजा दर वर्षी 1,80,000 असे चार वर्षांत 7,20,000 उचलले आणि दर 10 टक्के आहे. या काळात व्याज सरळ असतं. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचं, दुसरीवर चार, तिसरीवर तीन, चौथीवर दोन वर्षांचं, बेरीज 2,52,000. हे मुद्दलात मिसळतं आणि हप्ता 9,72,000 वर बसतो. दहा वर्षांसाठी महिना सुमारे 12,850 रुपये, एकूण भरणा साधारण 15 लाख 41 हजार. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता 10,450 च्या आसपास येतो, पण भरणा पावणेएकोणीस लाखांच्या वर जातो.

तेच व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं तर? पहिल्या वर्षी महिना 1,500, दुसऱ्या वर्षी 3,000, मग 4,500, मग शेवटची दोन वर्षं 6,000. नंतर दहा वर्षं हप्ता सुमारे 9,500. भरलेलं व्याज धरूनही जवळपास दीड लाख वाचतात. पाचही वर्षं जमणार नाही अशी घरं खूप आहेत, म्हणून निदान पहिली दोन वर्षं तरी भरा. तेव्हा रक्कम छोटी असते आणि सर्वांत जास्त काळ चढणारं व्याजही त्याच उचलींचं असतं. काही बँका असं भरणाऱ्याला दरात 1 टक्का सूट देतात. मंजुरीपत्रात ती लिहून घ्या.

अर्ज नाकारला जातो तो बहुधा सहकर्जदाराच्या सिबिलमुळे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीमुळे. वडिलांचं थकलेलं पीककर्ज, किंवा भावकीतल्या कुणाच्या कर्जाला राहिलेला जामीन, तिथे दिसतो. प्रवेशाच्या सहा महिने आधी रिपोर्ट काढला तर थकबाकी भरून तो सुधारायला वेळ मिळतो. ‘तुम्ही आमच्या शाखेच्या हद्दीत राहत नाही’ हे कारण मात्र ऐकून घेऊ नका. तेवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना सांगितलं आहे. नकार लेखी मागा.

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश आणि उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात 3 टक्के सवलत आहे. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेणाऱ्याला ती मिळत नाही, म्हणून दोन्हींचा हिशेब मांडून एकच निवडा.

मंजुरीपत्रावर सही करण्याआधी कर्जाला जोडलेला विमा बघा. विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळून त्यावर वर्षानुवर्षं व्याज लागतं. टर्म पॉलिसी वेगळी घेतलेली बहुधा स्वस्त पडते. पुढच्या वर्षाची रक्कम बँक गुणपत्रिका पाहून सोडते. वर्ष गेलं तर लपवू नका, लगेच लेखी कळवा. हप्त्याची सुरुवात पुढे ढकलता येते. न कळवता हप्ता थकला तर तुमचं आणि आईवडिलांचं, दोघांचंही सिबिल बिघडतं, आणि पुढे धाकट्या भावंडाच्या अर्जाच्या वेळी ते आडवं येतं.

नोकरी लागल्यावर बोनस किंवा फरकाची रक्कम आली तर ती कर्जात भरा. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी भरल्याचा दंड लागत नाही. भरताना ‘रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असा अर्ज द्या आणि त्यावर बँकेचा शिक्का घ्या. कर्ज फिटलं की नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्र घ्या. तारण असेल तर मूळ कागद तीस दिवसांत परत देणं बँकेला बंधनकारक आहे; उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मागता येते.