गेम अडला? आधी खालची ओळ वाचा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत गेम लिहिताना लाल अक्षरांत एरर (चूक सांगणारा मजकूर) दिसली की आमच्या जुळे सोलापुरातल्या शिकवणीतली पोरं थेट खिडकीच बंद करतात. तसं करू नका. एररच्या सगळ्यात खालच्या ओळीत चूक कसली ते असतं आणि ती कितव्या ओळीत ते तिच्या वर.

'आकडा ओळखा' गेममध्ये घोळ हमखास इनपुटपाशी (खेळणाऱ्यानं टाकलेलं वाचणाऱ्या आज्ञेपाशी) होतो. पोरगं 7 टाकतं, संगणकाचा आकडाही 7, तरी उत्तर 'चूक'! इनपुट नेहमी मजकूर देतं. पायथनच्या लेखी तो 7 म्हणजे नुसतं अक्षर. इनपुटला इंटच्या (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या आज्ञेच्या) कंसात घाला. लहान-मोठं चिन्ह वापरलं असेल तर टाइपएरर (मजकूर आणि आकडा यांची तुलना होत नाही ही तक्रार) येईल, पण औषध तेच.

आपल्या फाइलला रँडम हे नाव तर अजिबात देऊ नका. पायथन खरं रँडम मॉड्यूल (तयार कोडची फाइल) सोडून तुमचीच फाइल उचलतो आणि त्यातली आकडा निवडणारी रँडइंट ही आज्ञा सापडत नाही म्हणून रडतो.

व्हाइल लूप (अट खरी असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणारा भाग) थांबेना? कंट्रोल-सी दाबा, मग प्रयत्न मोजणारी ओळ लूपच्या बाहेर तर गेली नाही ना, बघा. ओळीच्या सुरुवातीच्या चार स्पेसचा मामला असतो.

फुगे फोडायच्या गेमची (सोलापूरची गड्डा यात्रा आली की सगळ्यांना हाच करायचा असतो) पायगेमची (गेम बनवायच्या पायथन लायब्ररीची) खिडकी गोठली, तर लूपमध्ये इव्हेंट (बटण दाबणं, माउस क्लिक वगैरे) वाचायचे राहिलेत. पायगेम डॉट इव्हेंट डॉट गेट फॉर लूपमध्ये घाला.