ॲफिलिएट मार्केटिंगसाठी लागणारा आत्मविश्वास कसा कमवावा

एखाद्या वस्तूची शिफारस करून तिची ॲफिलिएट लिंक टाकून आठवडा झालेला असतो. डॅशबोर्डवर, म्हणजे क्लिक आणि विक्रीचा हिशेब दाखवणाऱ्या पानावर, क्लिक दिसतात, पण विक्रीच्या रकान्यात शून्य. घरात कुणीतरी विचारतं, "काय, आले का पैसे?" बऱ्याच जणांचं काम इथेच थांबतं. हे शून्य म्हणजेच आपली कुवत, असं ते मनाशी धरून बसतात.

रोज सकाळी स्वतःला "मी यशस्वी होणारच" असं बजावण्याचा सल्ला अनेक जण देतात. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. या कामात मन खंबीर होतं ते दोन गोष्टींमुळे. ज्या वस्तूची शिफारस करतोय तिची पक्की माहिती असली, आणि समोर दिसणाऱ्या आकड्याचा अर्थ कळला, की धीर टिकतो. दोन्ही शिकता येतात. कसं, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी काम स्वच्छ आहे ना, ते तपासा

कुठेतरी खोट आहे अशी शंका मनात असेल तर उमेद टिकत नाही. म्हणून सुरुवात इथून.

ॲफिलिएट मार्केटिंग म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूची शिफारस करायची, आपली खास लिंक द्यायची, आणि त्या लिंकवरून कुणी खरेदी केली तर विक्रेत्याकडून कमिशन घ्यायचं. ग्राहकाला त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागत नाहीत. ॲमेझॉनने 'असोसिएट्स' ही आपली ॲफिलिएट योजना १९९६ साली सुरू केली. म्हणजे ही पद्धत काही काल-परवाची नाही.

आपल्याकडे मात्र याच नावाखाली दुसरंच काहीतरी चालतं. काही हजारांचा कोर्स घ्या, मग तोच कोर्स चार ओळखीच्यांना विका, त्यांनी आणखी चौघांना विकावा. यात शेवटी खरा ग्राहक कुणीच नसतो, फक्त नवे सभासद असतात. पैसे फिरवणाऱ्या साखळी योजनांवर भारतात १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीबद्दलच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना, म्हणजे माणसं जोडत जाण्यावर चालणाऱ्या योजनांना, मनाई केली आहे. कोणतीही योजना घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. सामील व्हायला पैसे भरावे लागतात का? कमाई वस्तूच्या विक्रीवर आहे की माणसं जोडण्यावर? आणि कमिशन मिळत नसतं तरी ही वस्तू कुणी या किमतीला घेतली असती का? तिन्ही उत्तरं समाधानकारक असली तरच पुढे जा. चांगल्या योजनेत सामील होणं फुकट असतं.

विकण्याचा संकोच

मराठी घरांत हा संकोच खोलवर असतो. विकणं म्हणजे कुणाच्या तरी गळ्यात काहीतरी मारणं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे लिंक टाकताना हात आखडतो, किंवा माणूस ती लपवून टाकतो. लपवलं की अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलं की लिखाणातला जोर जातो.

यावर उपाय म्हणजे उघडपणे सांगणं. "या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुमची किंमत तीच राहते," हे वाक्य लिंकच्या आधी, सहज दिसेल असं लिहा. मराठीत लिहिताय तर मराठीतच लिहा. तळाशी बारीक अक्षरांत नको. कायद्यालाही हेच हवं आहे. शिफारस करणाऱ्याने आपला आर्थिक संबंध ठळकपणे जाहीर करावा, असं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. दंडापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की एकदा सगळं उघड सांगून टाकलं की लपवायला काही उरत नाही. मग "म्हणजे तुला यात पैसे मिळतात?" या प्रश्नाला "हो, मिळतात" असं सरळ उत्तर देता येतं.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "काकू, तुमचा मिक्सर कोणता? चांगला चालतो का?" असं विचारलं जातं तेव्हा काकू मोकळेपणाने सांगतात, कारण त्यांनी तो वापरलेला असतो. तुम्हाला नेमकी हीच जागा मिळवायची आहे.

एकच विषय धरा, आणि वस्तू हाताळा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. नवशिके मोबाइल, शूज, क्रीम, पुस्तकं, विमा असं सगळंच एकदम सुचवू लागतात. कशाचीच खोल माहिती नसते, मग विक्रेत्याच्या पानावरचीच वाक्यं इकडून तिकडे जातात. अशा लिखाणाखाली कुणी नेमका प्रश्न विचारला की लिहिणारा गडबडतो, आणि उरलासुरला विश्वासही डळमळतो.

समजा, तुम्ही स्वयंपाकघरातली उपकरणं हा विषय घेतला आणि सुरुवात मिक्सरपासून केली. बाजारात ५०० वॉटचे आहेत, ७५० वॉटचे आहेत. इंग्रजी पानांवर वॉटचे आकडे हवे तितके सापडतील. पण सोलापुरी शेंगदाण्याची चटणी करताना दाण्याला तेल सुटून भांड्याच्या तळाशी गोळा बसतो का, सुकं खोबरं आणि लसूण एकत्र फिरवताना मोटर तापल्याचा वास येतो का, ओल्या खोबऱ्याचं वाटण थोड्या पाण्यात गंधासारखं बारीक होतं का, चार माणसांच्या घरात एवढं मोठं भांडं धुवायला जड जातं का, झाकणाची रबरी कडी किती दिवसांनी सैल होते, ती सुटी मिळते का, तालुक्याच्या गावी दुरुस्तीची सोय आहे का, हे मराठी वाचकाला हवं असतं आणि ते त्याच्या भाषेत फार कमी ठिकाणी मिळतं.

म्हणून पहिल्या महिन्यात लिंकपेक्षा वहीवर भर द्या. घरातलाच मिक्सर घ्या. एकाच मापाचं, म्हणजे वाटीभर भाजलेले दाणे, वाटीभर सुकं खोबरं, भिजवलेली उडीद डाळ असं वाटून पाहा. वेळ मोजा, फोटो काढा, आवाज रेकॉर्ड करा. सलग किती मिनिटं चालवावा हे मिक्सरच्या तळाशी किंवा माहितीपत्रकात दिलेलं असतं. बहुतेक घरांत ते कुणी वाचत नाही, आणि मोटर जळण्याचं ते एक मोठं कारण आहे. शेजाऱ्यांचा वेगळ्या कंपनीचा मिक्सर तासभर मागून घ्या. दुरुस्ती करणाऱ्या दुकानदाराला विचारा, सगळ्यात जास्त काय बिघडून येतं? कपलर (भांडं मोटरला जोडणारा तुकडा), मोटरमधले ब्रश की पाती? त्याच्या दहा मिनिटांच्या बोलण्यातून जे कळेल ते शंभर जाहिरातींत सापडणार नाही.

एवढं केल्यावर लिहायला बसलात की "हा सर्वोत्तम मिक्सर आहे" असं तुम्ही लिहिणारच नाही. तुम्ही लिहाल, "दोघांच्या घराला हा पुरेसा आहे, रोज इडलीचं पीठ वाटत असाल तर हा घेऊ नका." 'घेऊ नका' असं जो लिहू शकतो, त्याच्या 'घ्या'ला वजन येतं. गूगलनेही डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या गुणवत्ता निकषांत प्रत्यक्ष अनुभवाचा समावेश केला, म्हणजे शोधयंत्राच्या दृष्टीनेही ही मेहनत वाया जात नाही.

वापरून न पाहिलेल्या वस्तूबद्दल लिहायची वेळ आली तर तसं स्पष्ट लिहा: "ही मी वापरलेली नाही, कंपनीची माहिती आणि खरेदीदारांचे अभिप्राय वाचून सांगतोय." वाचक याने दुरावत नाहीत.

शून्याचा अर्थ समजून घ्या

आता तो विक्रीचा रकाना. समजा, तुमच्या लिंकवर येणाऱ्या शंभरांपैकी सरासरी दोघं खरेदी करतात. मग ५० क्लिकनंतर एकही विक्री न होण्याची शक्यता किती? सुमारे ३६ टक्के. १०० क्लिकनंतर १३ टक्के. १५० क्लिकनंतरही जवळजवळ ५ टक्के. गणित साधं आहे: प्रत्येक क्लिकला 'न घेण्या'ची शक्यता ०.९८ आणि ती तितक्या वेळा गुणायची. याचा अर्थ असा, की काम उत्तम चाललेलं असतानाही पहिल्या ५० क्लिकला तिघांपैकी एकाच्या नशिबी शून्यच येतं. त्या ५० क्लिकवरून स्वतःला नापास ठरवणं घाईचं आहे. दोनशेच्या पुढे गेल्यावरही शून्यच असेल, तर मात्र कुठेतरी काहीतरी चुकतंय, आणि ते शोधायला हवं.

उलट दिशेनेही हिशेब करून ठेवा. मिक्सर ३,००० रुपयांचा आणि कमिशन ४ टक्के धरलं, तर एका विक्रीचे १२० रुपये. महिन्याला ६,००० हवे असतील तर ५० विक्री. शंभराला दोन या हिशेबाने २,५०० क्लिक. दहा वाचकांतला एक क्लिक करतो असं मानलं तर २५,००० वाचक. कमिशनचे दर वस्तूगणिक बदलतात, तुम्ही तुमचे आकडे घाला. हा आकडा पाहून छाती दडपेल, पण तो कागदावर असलेला बरा. "महिन्यात लाख रुपये" असे स्क्रीनशॉट पाहून आलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात खचतो; २५,००० वाचक लागतील हे माहीत असलेला माणूस वर्षभराची तयारी ठेवतो.

आणखी काही गोष्टी आधी ठाऊक असल्या की विनाकारण जीव खालीवर होत नाही. ॲमेझॉनच्या योजनेत क्लिकनंतर साधारण २४ तासांत झालेली खरेदीच तुमच्या खात्यात धरतात. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली असेल तर मुदत लांबते. ग्राहकाने वस्तू परत केली की कमिशनही वजा होतं, म्हणून काल दिसलेला आकडा आज कमी होऊ शकतो. स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी स्वतःच्याच लिंकवरून केलेली खरेदी चालत नाही. आणि ॲमेझॉनच्या योजनेत खातं उघडल्यापासून १८० दिवसांत किमान तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. नंतर पुन्हा अर्ज करता येतो. खातं बंद झाल्याचा ईमेल आला म्हणून अनेक जण हे काम आपल्यासाठी नाही असं मानून सोडून देतात. त्यापेक्षा आधी दहा-पंधरा चांगले लेख किंवा व्हिडिओ तयार करा, थोडे वाचक येऊ द्या, आणि मगच खातं उघडा.

जे हातात आहे त्याचं लक्ष्य ठेवा

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली मांडलं, की 'हे मला जमेल' हा विश्वास माणसात चार वाटांनी येतो: स्वतः काम करून मिळालेलं यश, आपल्यासारख्याच माणसाला जमताना पाहणं, इतरांनी दिलेलं प्रोत्साहन, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यांत पहिली वाट सगळ्यात जोरकस.

ॲफिलिएटच्या कामात अडचण अशी, की विक्रीचं यश उशिरा येतं. म्हणून लहान यशं स्वतः आखावी लागतात. "या महिन्यात दहा विक्री" हे लक्ष्य तुमच्या हातात नाही. "या आठवड्यात एक वस्तू तपासून लिहीन, मागच्या लेखाचं शीर्षक सुधारीन आणि आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देईन" हे आहे. वहीत तारीख टाकून काय केलं ते लिहा. तीन महिन्यांनी ती वही चाळली की स्वतःबद्दलचं मत बदलतं. डॅशबोर्ड आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी उघडा.

दुसऱ्या वाटेबद्दल एक सावधगिरी. मोठ्या इंग्रजी यूट्यूबरशी तुलना करून उपयोग नाही. तुमच्याच विषयात, तुमच्याच भाषेत, तुमच्यापेक्षा वर्षभर पुढे असलेला कुणी शोधा. त्याचे सुरुवातीचे लेख वाचा, नंतरचे वाचा. फरक कुठे पडला ते दिसेल.

घरच्या प्रश्नालाही नीट उत्तर द्या. "नोकरी सोडणार नाही. रोज दीड तास देणार, वर्षभर देणार, खर्च एवढाच करणार" असं ठरवून सांगितलं की घरच्यांचा घोर कमी होतो आणि तुमच्यावरचा दबावही. उधारी करून महागडे कोर्स, कॅमेरे घेऊ नका. कर्जाचा हप्ता डोक्यावर असला की माणूस वाटेल ते सुचवू लागतो.

टीका आली तर

"पैसे मिळतात म्हणून चांगलं लिहिलंय" असं कुणी म्हटलं, तर वाद घालू नका. तुमच्या चाचणीचे फोटो आणि त्याच लेखात लिहिलेले दोष दाखवा. "तुम्ही सांगितलेला मिक्सर महिन्यात बिघडला" असं कुणी कळवलं, तर ते सोनं समजा. कसा वापरला ते विचारा, वॉरंटीत तक्रार कशी नोंदवायची ते सांगा, आणि लेखात तशी नोंद करा. तसं तीन-चार जणांनी कळवलं तर शिफारस मागे घ्या, कमिशन कितीही असो.

हिशेबाची शिस्त

मिळालेलं कमिशन हे उत्पन्न आहे. विवरणपत्रात दाखवावं लागतं. खात्याला पॅन जोडा, कापलेला कर आयकर खात्याच्या संकेतस्थळावरच्या तुमच्या नोंदीशी जुळतोय का पाहा. एकाच कंपनीवर सगळं अवलंबून ठेवू नका, कारण कमिशनचे दर त्या कधीही बदलू शकतात.

सहा महिन्यांनी वही आणि डॅशबोर्ड शेजारी ठेवून बसा. वाचकच येत नसतील तर विषय किंवा शीर्षकं बदला. वाचक येतात पण क्लिक होत नाहीत, तर तुमची शिफारस गुळमुळीत आहे का ते पाहा. क्लिक होतात पण विक्री नाही, तर वस्तूची किंमत किंवा विक्रेत्याच्या पानावरचे अभिप्राय तपासा. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला पुढचे दोनशे क्लिक द्या.