लोकरीचे मोजे निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

डोंगरात चालण्यासाठी लोकरीचे मोजे घ्यायचे ठरले की आपण दुकानात जोडी चिमटीत धरून तिची जाडी पाहतो, वरच्या कागदावरचा 'वुलन' हा शब्द वाचतो आणि पैसे देतो. बेळगावच्या खडेबाजारात मीही कित्येक वर्षे असेच मोजे घेतले. एका जुलै महिन्यात कणकुंबीच्या बाजूला दिवसभर चालायचे होते, म्हणून आदल्या संध्याकाळी घेतलेले मऊ, जाडजूड, करड्या रंगाचे मोजे घालून निघालो. दुसरा ओढा ओलांडताना ते भिजले आणि तासाभरात डाव्या टाचेवर रुपयाएवढा फोड उठला. घरी आल्यावर मोज्याच्या काठाचा एक सुटा धागा ओढून फरशीवर ठेवला आणि त्याला काडी लावली, तर तो भुरकन पेटला, वितळला आणि त्याचा कडक काळा मणी झाला. लोकरीचा धागा असा पेटत नाही. तो रडतखडत जळतो, ज्योत बाजूला घेतली की विझतो, जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेली राख बोटांनी सहज चुरडता येते. माझे मोजे निव्वळ ॲक्रिलिकचे, म्हणजे लोकरीसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याचे होते.

त्या दिवसापासून मी वेष्टनावरचा घटकांचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय जोडी घेत नाही. 'वुलन', 'विंटर', 'थर्मल' हे शब्द लोकरीची हमी देत नाहीत. लोकर किती टक्के, नायलॉन किती टक्के, हे आकडे छापलेले असले पाहिजेत. काडीची परीक्षा धाग्यात लोकर आहे की नाही एवढेच सांगते, प्रमाण सांगत नाही, कारण मिश्र धाग्यात केसांचा वासही येतो आणि मणीही उरतो.

लोकर थंडीतच वापरायची, हा समज

आपल्या भागात सर्वांत जास्त आढळणारी चूक ही आहे. लोकर हिवाळ्यासाठी, पावसाळ्यात आणि उन्हात सुती मोजे, असे गृहीत धरून लोक महिपाळगड, कलानिधीगड किंवा पारगड चढायला निघतात. सूत घाम आणि पाणी शोषते, चिकटून बसते आणि ओले असताना कातडीला घासत राहते. फोड येतो तो घर्षण, ओल आणि उष्णता या तिघांच्या संगतीने, आणि भिजलेला सुती मोजा ही तिन्ही एकाच जागी आणतो. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प पोटात घेऊनही हाताला ओला लागत नाही, भिजल्यावरही त्याचा थोडाफार फुगीरपणा टिकतो आणि कुबट वासही उशिरा धरतो. हे आपल्याला नवे वाटायचे कारण नाही. भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे उभा असलेला धनगर आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

मात्र घोंगडीची लोकर आणि मोज्याची लोकर एक नव्हे. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. पाऊस अंगावर घेण्यासाठी ती उत्तम, पण पायाला ती टोचते. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोके कातडीला बोचू लागतात, तर मेरिनो मेंढीची लोकर बहुधा 17 ते 24 मायक्रॉनच्या दरम्यान असते. 'मला लोकर सोसत नाही, खाज येते' असे सांगणाऱ्या अनेकांनी आयुष्यात कधी बारीक लोकर पायात घातलेलीच नसते. त्यांनी एकदा मेरिनोची पातळ जोडी घालून पाहावी आणि मग मत बनवावे.

शंभर टक्के लोकरीचा आग्रह

भेसळीचा अनुभव घेतलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि शुद्ध लोकरच हवी असा हट्ट धरतो. खडतर वाटेवर हा हट्ट महागात पडतो, कारण बारीक लोकर मऊ असली तरी घासण्यापुढे नाजूक असते आणि टाच व चवडा आधी विरतात. चालण्यासाठी बनवलेल्या चांगल्या मोज्यांत साधारण 60 ते 70 टक्के मेरिनो, 25 ते 35 टक्के नायलॉन आणि मोजा पायाला धरून राहावा म्हणून थोडासा लवचीक धागा असतो. नायलॉन ही इथे भेसळ नसून मोज्याचे हाड आहे. ॲक्रिलिकने भरलेला मोजा आणि नायलॉनने बळकट केलेला मोजा यांतला फरक ध्यानात घेतला की किमतीतला फरकही समजतो.

मोजा उलटा करून न पाहणे

मोज्याचा खरा स्वभाव त्याच्या आतल्या बाजूला असतो, म्हणून दुकानदाराची परवानगी घेऊन एक मोजा उलटा करावा. प्रथम बोटांवरची शिवण पाहावी. तिथे दोरीसारखा उंचवटा हाताला लागला, तर उतारावर बोटे बुटाच्या टोकाला टेकतात तेव्हा तोच उंचवटा करंगळी सोलून काढतो. चांगली शिवण बोट फिरवले तरी जेमतेम जाणवते. मग तळव्याकडचे फासे पाहावेत. टॉवेलसारखे लहान, दाट, एकमेकांना खेटून उभे असलेले फासे चालताना धक्का सोसतात. लांब आणि सैल फासे दुकानात अधिक मऊ लागतात, आणि गिऱ्हाईक तिथेच फसते, कारण चार-पाच फेऱ्यांत ते बसतात, त्यांच्या गाठी होतात आणि तळवा सपाट पडतो. शेवटी टाचेच्या जागी मूठ घालून, कापड बेताने ताणून ते उजेडासमोर धरावे. चाळणीतून दिसावा तसा ट्यूबलाइट दिसू लागला तर वीण विरळ आहे, आणि अशी वीण जाड धाग्याची असली तरी टिकत नाही. घट्ट विणीचा मध्यम मोजा विरळ विणीच्या जाड मोज्याला मागे टाकतो, हे मी अनेक जोड्या झिजवल्यावर शिकलो.

माप आणि बूट यांची फारकत

'फ्री साइज' लिहिलेला मोजा डोंगरासाठी घेऊ नये. मोठा मोजा टाचेखाली किंवा बोटांपाशी चुणी धरतो आणि ती चुणी दिवसभर एकाच जागी घासते. लहान मोजा ताणून बसतो, त्यामुळे अंगठा आणि टाच इथली वीण आधीच उघडलेली राहते. मोज्यातली टाचेची खोळ बरोबर आपल्या टाचेवर बसली पाहिजे, ती घोट्याकडे सरकलेली दिसली तर माप मोठे आहे.

याहून मोठी चूक म्हणजे असलेल्या बुटात जाड मोजा कोंबणे. हिमालयात जाणारे पुष्कळ जण थंडीच्या भीतीने दोन-दोन जाड मोजे चढवतात आणि मग बोटे बधिर होतात, कारण आवळलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि ऊब धरून ठेवणारी हवाही उरत नाही. मोजे आधी ठरवावेत आणि बूट घ्यायला जाताना तेच मोजे घालून जावे. तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. आतून दुसरा मोजा घालायचाच असेल तर तो पातळ, तंग आणि सुताचा नसलेला असावा. उंच मुक्कामावर झोपण्यासाठी एक कोरडी जोडी वेगळी ठेवावी आणि चालताना तिला हात लावू नये.

भोक एकाच जागी पडत असेल तर

चांगले मोजे घेऊनही दोन महिन्यांत भोक पडले, अशी तक्रार माझ्याकडे वारंवार येते आणि बहुतेक वेळा दोष मोज्याचा नसतो. भोक कुठे पडले ते नीट पाहावे. अंगठ्याच्या टोकाला पडले असेल तर नख वाढलेले असते, मोजा आखूड असतो किंवा उतारावर पाय बुटात पुढे घसरत असतो. टाचेच्या मागे पडले असेल तर बुटात हात घालून टाचेजवळचे अस्तर चाचपावे. ते फाटून आतला कडक पुठ्ठा किंवा प्लास्टिक उघडे पडलेले असेल, तर कितीही महाग मोजे आणले तरी ते बूट एकामागून एक जोड्या खातच राहतील. अस्तर शाबूत असेल तर नाडी घोट्याजवळ सैल बांधली जाते का ते पाहावे, कारण सैल बुटात टाच प्रत्येक पावलाला उचलली जाते. चवड्याखाली कापड विरळ झाले असेल तर आतला सोल काढून त्याची उलटलेली किंवा तुटलेली कड शोधावी.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, आणि ते म्हणजे जांभ्याची माती. खानापूर आणि चंदगडच्या वाटांवरचे ते तांबडे बारीक खडे बुटात शिरतात, ओल्या मोज्याच्या फाशांत रुततात आणि पॉलिश कागदासारखे आतून घासत राहतात. दुपारी जेवायला थांबल्यावर बूट काढून झटकणे आणि मोजे उलटे करून आपटणे, याला दोन मिनिटे लागतात. मोजा घोट्याच्या वर, निदान पोटरीच्या सुरुवातीपर्यंत येणारा असला तर खडे कमी शिरतात. आखूड मोजे या वाटांवर मी मुळीच सुचवणार नाही.

पावसाळ्यातले दोन गैरसमज

लोकरीचे मोजे जळवा थोपवतात असे पुष्कळांना वाटते. विणलेल्या कापडाच्या छिद्रांतून बारीक जळू आरामात आत येते, म्हणून पाऊस लागल्यावर जंगलात शिरताना लोकरीच्या मोज्यावर दाट कापडाचा, गुडघ्यापर्यंतचा जळवांसाठीचा मोजा चढवावा. काही जण मोज्यांना तंबाखूचे पाणी लावतात, ते कृपया करू नये. ओल्या कातडीतून निकोटीन अंगात भिनते आणि मळमळ, चक्कर सुरू होते, आणि डोंगराच्या मध्यावर ते परवडणारे नाही.

दुसरा गैरसमज वाळण्याचा. लोकर ओलीही ऊब देते, पण ती सिंथेटिकपेक्षा हळू वाळते आणि बेळगावच्या जुलै-ऑगस्टात घरातल्या दोरीवर दोन-तीन दिवस दमटच राहते. एक महागडी जोडी घेऊन तीच रोज वापरण्यापेक्षा मध्यम किमतीच्या तीन जोड्या आलटून पालटून वापराव्यात. दिवसभराच्या चालीत एक कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सोबत असावी, आणि टाच चुरचुरू लागताच, म्हणजे फोड येण्यापूर्वी, थांबून पाय पुसावा, पट्टी लावावी आणि मोजे बदलावेत. बरोबरच्यांना थांबवायचा संकोच करणाऱ्यालाच पुढे लंगडत यावे लागते.

धुणे, ठेवणे आणि रफू

मोजे चालताना जितके झिजतात त्याहून जास्त नुकसान मोरीत होते. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, सोड्याचा साबण आणि चोळणे एकत्र आले की ते खवले एकमेकांत अडकतात आणि मोजा आकसून नमद्यासारखा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखा, घट्ट होतो. माझी एक उत्तम जोडी अशीच गरम पाण्याच्या मशीनमधून लहान मुलाच्या मापाची होऊन बाहेर आली, आणि आकसलेली लोकर परत सैल होत नाही. मोजे उलटे करून थंड किंवा कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाने, नाहीतर रिठ्याच्या पाण्याने, हलकेच दाबून धुवावेत. ब्रश, दगडावर आपटणे आणि पिळणे टाळावे. ब्लीच तर कधीच वापरू नये, कारण ते लोकर अक्षरशः विरघळवते. डाग काढणाऱ्या एन्झाइमच्या पावडरीही टाळाव्यात, कारण लोकर हे प्रथिन आहे आणि प्रथिन तोडणे हेच त्यांतल्या काही एन्झाइमांचे काम असते. पाणी काढण्यासाठी मोजे कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबावेत आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. चुलीजवळ किंवा हिटरवर ठेवलेल्या मोज्यांतला लवचीक धागा आधी मरतो आणि मग मोजा घोट्यावरून घसरू लागतो.

हंगाम संपल्यावर मोजे न धुता कपाटात टाकले तर घामाच्या आणि मळाच्या जागी कसर लागते, म्हणून स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, हवाबंद पिशवीतच ठेवावेत. ठेवण्यापूर्वी टाच उजेडासमोर धरून पाहावी आणि वीण विरळ दिसली तर भोक पडायची वाट न पाहता तिथेच रफू करावे. लोकरीचा बारीक धागा घेऊन तो विरळ जागेच्या चहूबाजूंनी अर्धा इंच पुढच्या मजबूत विणीपर्यंत आडवा-उभा ओवावा, ताणू नये, आणि शेवटी गाठ मारू नये, टोक तसेच विणीत मुरवावे. कारण गाठ कितीही लहान असली तरी ती चौथ्या-पाचव्या किलोमीटरला टाचेखाली खड्यासारखी टोचू लागते.