कुत्र्याने घरातल्या दुसऱ्या कुत्र्याच्या गोळ्या खाल्ल्या तर काय करायचं

घरात म्हातारं कुत्रं असेल आणि त्याला सांधेदुखीसाठी कार्प्रोफेन चालू असेल तर जपून, कारण यातल्या चघळायच्या गोळ्यांना मुद्दाम मटणा-लिव्हरसारखी चव दिलेली असते, त्यामुळे दुसरं कुत्रं अख्खी डबी फोडून संपवू शकतं.

असं झालं तर आधी तोंडात उरलेलं काढा, दोघांना वेगवेगळ्या खोलीत ठेवा आणि पाकीट हातात घेऊनच व्हेटला फोन लावा. औषधाचं नाव, किती मिलीग्रामची गोळी, किती गेल्या, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन, एवढं सांगा. नक्की आकडा माहीत नसेल तर जास्तीत जास्त धरा, आणि कोणी खाल्ल्या तेच कळत नसेल तर दोघांनाही न्या. कार्प्रोफेनचा दिवसाचा डोस किलोमागे साधारण ४.४ मिलीग्राम, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला ८८. त्याने १०० च्या १० गोळ्या खाल्ल्या तर ११ पटीहून जास्त झालं, म्हणून वजन विचारतात.

प्लीज, लक्षणं दिसायची वाट बघू नका! कुत्रं मस्त शेपटी हलवत असतं आणि आपण निवांत राहतो, पण उलटी करवायचा उपयोग पहिल्या तास-दोन तासातच जास्त असतो, नंतर अल्सर, किडनी, लिव्हर असे प्रकार सुरू होतात. उलट्या, काळी शी, जेवण बंद, खूप पाणी पिणं हे कधीकधी दोन-तीन दिवसांनी दिसतं.

मीठ-पाणी अजिबात पाजू नका, कुणीही सांगू दे, रक्तातलं सोडियम वाढून फिट येऊ शकते. दुधातुपाने औषध उतरत नाही. घरी उलटी करवणं व्हेटने सांगितल्याशिवाय नाहीच, आणि कुत्रं गुंगीत असेल किंवा पगसारखं चपट्या नाकाचं असेल तर धोका जास्तच, उलटी फुफ्फुसात जाते. दवाखान्यात इंजेक्शनने उलटी करवतात, लागला तर चारकोल (औषध शोषून घेणारी कोळशाची पूड) देतात, सलाईन लावतात.

गावाकडे गोठ्यातलं आयव्हरमेक्टिन (गुराढोरांचं जंताचं औषध) पोटात गेलं तर तेही लगेच सांगा, कॉली जातीच्या कुत्र्यांना ते थोडंसंही भारी पडू शकतं.

रात्री कोण उघडं असतं ते आजच विचारून नंबर सेव्ह करा, मुंबईत असाल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचाही.

आणि ज्याच्या गोळ्या गेल्या त्यालाही विसरू नका, फिटच्या गोळ्या असतील तर त्या अचानक बंद होऊन चालत नाहीत, त्याच फोनवर नवीन प्रिस्क्रिप्शन मागून घ्या.