टेबल स्पेसचा धंदा: येणाऱ्याआधी जाणाऱ्याचा विचार

मुंबईच्या फोर्टात टेबल भाड्याने देण्याचा धंदा 'कोवर्किंग' हे नाव कानावर यायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. हायकोर्टाजवळचे वकील, बॅलार्ड इस्टेटमधले शिपिंग आणि कस्टम्सचे एजंट, दलाल स्ट्रीटवर उठबस असलेले छोटे ब्रोकर, या सगळ्यांना पत्ता फोर्टातलाच हवा असायचा आणि स्वतःचं ऑफिस परवडायचं नाही. मग जुन्या इमारतीतल्या एका मोठ्या खोलीत पाच-सहा टेबलं, एक शिपाई, एक टायपिस्ट आणि फोन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी अशाच एका ठिकाणी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. पुढे हिशेब माझ्याकडे आले, मग शेठनी भागीदारी दिली, आणि आता सेंटर मीच चालवते. हल्ली ओळखीतली मुलं येतात, "ताई, जागा पडून आहे, कोवर्किंग टाकू का?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. माझा अनुभव मुंबईचा आहे. पुण्या-नाशकात भाव वेगळे असतील, कायदा मात्र राज्यभर तोच.

आधी एक समजून घ्या, गिऱ्हाईक टेबलासाठी येत नाही. मी लागले तेव्हा ते फोनसाठी येत होतं. नव्या लाइनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, आणि आमच्याकडे चालू लाइनी होत्या. घंटी वाजली की कुठली लाइन ते बघून त्या-त्या कंपनीचं नाव सांगायचं, साहेब "मीटिंगमध्ये" आहेत म्हणायचं, निरोप लिहून ठेवायचा. मोबाइल आले तशी फोनची किंमत संपली. मग लोक फॅक्ससाठी आले, मग इंटरनेटसाठी, आणि आता बरेचसे फक्त पत्त्यासाठी येतात. इंटिरिअरवर पैसे ओतणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. आमच्याकडच्या सागवानी टेबलांनी हे सगळं बघितलंय आणि त्यांच्यासाठी म्हणून एकही गिऱ्हाईक आलेलं नाही.

पण धंदा बुडतो तो माणूस न आल्यामुळे कमी आणि न गेल्यामुळे जास्त. नवीन मुलांना हे पटायला वेळ लागतो. मुंबईच्या जुन्या मालकांना ते १९७३ साली पटलं. त्या वेळच्या भाडेकायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कुणी चालू करारावर लायसन्सी (भाडेकरू नव्हे, फक्त जागा वापरायची परवानगी असलेला) म्हणून जागेत होता, तो थेट संरक्षित भाडेकरू ठरला. महिन्या-दोन महिन्यांसाठी दिलेल्या जागा पिढ्यान्‌पिढ्या अडकल्या. त्या तरतुदीत एक बारीक शब्दयोजना होती: जागेचा भाग निदान एका खोलीएवढा असायला हवा. आमचे शेठ शेवटपर्यंत बंद केबिन द्यायला नाखूष असायचे. "टेबल घ्या, खोली मागू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते कंजूषपणाचं वाटायचं, कारण केबिनला दुप्पट पैसे मिळतात. कारण कळलं ते वकिलाकडे बसून जुन्या फायली वाचताना.

आज आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. त्याचं कलम ५५ पाठ करा. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा नुसती वापरू देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्याची. नोंदणी नसेल तर अटींबाबत समोरचा जे म्हणेल तेच, आपण उलट सिद्ध करेपर्यंत, खरं धरलं जातं. "फक्त तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, नोंदणी कशाला" असं म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी चहा पाजते आणि करार ऑनलाइन नोंदवूनच टेबल देते. आणखी एक गैरसमज असा की मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला की झटपट ताबा मिळतो. ती सोय राहत्या घरांसाठी आहे. ऑफिसच्या जागेसाठी मुंबईत लघुवाद न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि तिथे वेळ लागतो.

कराराला नाव काय दिलंय याला कोर्ट फार भाव देत नाही. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातल्या केशकर्तनाच्या खोल्यांवरून १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल आजही वकील काढतात: कागदावर लायसन्स लिहिलं असलं तरी माणसाला जागेचा एकट्याचा ताबा दिला होता का, ते बघायचं. म्हणून आमच्याकडे मुख्य दाराची चावी आमच्याच माणसाकडे असते, सफाई आणि लाइट आमची, आणि जागा बदलून देण्याचा हक्क करारात लिहिलेला असतो. तो आम्ही अधूनमधून वापरतोही. नुसता लिहून ठेवलेला हक्क कोर्टात फिका पडतो.

जागा पागडीची, म्हणजे मालकाला मोठी रक्कम आगाऊ देऊन जुन्या भाड्याने घेतलेली, असेल तर तिथेच थांबा. मूळ मालकाच्या लेखी संमतीशिवाय टेबलं भाड्याने दिलीत तर ती पोटभाडेकरू ठेवल्याची तक्रार होऊ शकते, आणि तेवढ्यावर तुमचाच भाडेहक्क जाऊ शकतो. फोर्टात असे कितीतरी लोक "मालक काही बोलत नाहीत" या भरवशावर बसलेत. मालकाचा मुलगा बोलतो.

आता हिशेब. समजा १,२०० चौरस फूट कारपेट जागा आहे आणि भाडं फुटाला १५० रुपये, म्हणजे महिना १,८०,०००. सोसायटीचा मेन्टेनन्स, वीज, दोन कंपन्यांचं इंटरनेट (एकावर कधीच राहू नका), दोन माणसांचे पगार, सफाई, चहा, किरकोळ दुरुस्ती धरून आणखी १,२०,०००. टेबलामागे वाटेतली जागा, मीटिंग रूम, पँट्री मिळून मी ५० फूट धरते, म्हणजे २४ टेबलं. सगळी भरली तर १२,५०० रुपयांना टेबल बरोबरीत, ना नफा ना तोटा. पण सगळी कधीच भरलेली नसतात. पाऊणभाग, म्हणजे १८ टेबलं, धरून भाव काढा: जवळपास १६,७००. तेवढा भाव तुमच्या गल्लीत मिळत नसेल तर पुढे जाऊच नका. आणि यात फर्निचर, एसी, वायरिंगचा खर्च आलेलाच नाही.

जीएसटी १८ टक्के. जागेचा मालक नोंदणीकृत नसेल तरी सुटका नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा व्यापारी भाड्यावर नोंदणीकृत भाडेकरूने स्वतः रिव्हर्स चार्जने कर भरायचा आणि मग त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, घ्यायचं. आयकरासाठी उत्पन्न घरभाड्याचं की धंद्याचं, हा प्रश्न स्वतःची जागा देणाऱ्यांनी सीएला पहिल्याच बैठकीत विचारावा. कोलकात्याच्या एका कंपनीने फर्निचरसह टेबल स्पेस दिली होती; तिचं उत्पन्न घरभाड्याचंच आहे असा निकाल २००३ साली सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. तुम्ही खरोखर किती सेवा देता यावर तो मामला फिरतो.

जाण्याचा विचार तुमच्या बाजूनेही करायचा. मालकाशी पाच वर्षांचा करार, तीन वर्षं लॉक-इन (त्याआधी सोडता येत नाही), आणि गिऱ्हाईक मात्र महिन्याच्या नोटिशीवर मोकळं. चांगल्या दिवसांत या दरीतूनच नफा येतो आणि वाईट दिवसांत तीच गिळते. अमेरिकेतल्या वीवर्क या कोवर्किंग कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं: घेतलेली भाडी दीर्घ मुदतीची, दिलेली आखूड. आमच्या फोर्टात ते मार्च २०२० मध्येच कळलं. लोकल बंद म्हणजे फोर्ट बंद. सर्वसामान्यांना ठरावीक वेळात गाडी मिळाली तीच १ फेब्रुवारी २०२१ पासून. तोवर कर्जत-विरारहून कोण येणार? गिऱ्हाइकं फोनवरच नोटीस द्यायला लागली आणि सगळ्यांना डिपॉझिट एकाच महिन्यात परत हवं होतं. ज्यांनी डिपॉझिट एसी आणि फॉल्स सीलिंगमध्ये घातलं होतं, ते आमच्याच रस्त्यावरचे दोन सेंटरवाले उठले. शेठची जुनी सवय होती, डिपॉझिट आलं की त्याच्या नावाची एफडी. व्याज थोडं, झोप पूर्ण. नवीन मुलांना ही सवय आवडत नाही, कारण सुरुवातीचं भांडवल तिथूनच काढायचा त्यांचा बेत असतो.

माणूस निवडताना मी टेबल दाखवण्याआधी प्रश्न विचारते. काम काय, भेटायला कोण येणार, आधी कुठे होतात, तिथून का निघालात. सांगली-कोल्हापूरच्या कंपनीची मुंबईतली दोन माणसांची शाखा म्हणजे सोनं. एकटे सीए, पेटंटवाले, क्लिअरिंग एजंट वर्षानुवर्षं राहतात. परदेशात नोकरी लावून देणारे आले तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालचा परवाना दाखवल्याशिवाय बोलणी नाहीत. पैसे दुप्पट करणाऱ्या योजनावाल्यांना जागा शिल्लक नसते. आणि जो बसायला टेबल मागत नाही, भाव करत नाही, वर्षाचे पैसे रोख पुढे करतो आणि फक्त नावाची पाटी व लाइट बिलाची प्रत मागतो, त्याला दारातूनच नमस्कार.

कारण पत्ता देणं ही आता सगळ्यात जोखमीची सेवा आहे. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयासाठी आपण एनओसी (ना हरकत पत्र) आणि ताजं लाइट बिल देतो, जीएसटीसाठी करार देतो. बाहेर कंपनीच्या नावाची पाटी लागते. मे ते जुलै २०२३ या काळात बनावट जीएसटी नोंदण्यांविरुद्ध देशभर मोहीम झाली, तेव्हापासून अधिकारी पत्त्यावर येऊन बघतात. अशा वेळी रिसेप्शनवरच्या मुलीला "हो, यांची फाइल आहे, टपाल आम्ही घेतो, संचालकांना आत्ता फोन लावते" एवढं सांगता आलं पाहिजे. तिला कंपनीचं नावच माहीत नसेल तर गिऱ्हाइकाची नोंदणी अडचणीत येते आणि पत्त्याचं नाव खराब होतं. मग त्याच पत्त्यावरचे बाकीचे प्रामाणिक लोकही खुलासे देत बसतात.

रोजच्या भांडणांबद्दल फार लिहीत नाही. एसीचं तापमान, मीटिंग रूम कोणी किती वेळ अडवली, फोनवर मोठ्याने बोलणारे शेअरवाले, हे चालायचंच. शिपाई चांगला मिळाला तर त्याला मॅनेजरपेक्षा जपा. कोणाचा धंदा मंदावलाय हे त्याला चहाच्या कपांवरून आधी कळतं. आग विझवण्याच्या यंत्रणेचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये वेळेवर घ्या, सोसायटी घेईल म्हणून बसू नका.

गिऱ्हाईक निघतं तेव्हा टेबल रिकामं झालं की काम झालं असं समजू नका. डिपॉझिटचा शेवटचा हप्ता मी पत्ता बदलल्याशिवाय सोडत नाही, आणि ही अट पहिल्या दिवशीच करारात असते. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की धंद्याचं मुख्य ठिकाण दिसतं, कंपनी खात्याच्या पोर्टलवर नोंदणीकृत पत्ता दिसतो. दोन्हीकडे आपला पत्ता गेलेला दिसला की धनादेश तयार. एनओसी मागे घेतल्याचं पत्र गिऱ्हाइकाला ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हींनी जातं. पुढे आलेलं टपाल न फोडता, "पत्त्यावर राहत नाहीत" असा शेरा मारून त्याच दिवशी पोस्टमनला परत. बँकेची आणि कराची पाकिटं ड्रॉवरमध्ये साठवून ठेवणारी रिसेप्शनिस्ट मी पहिल्याच आठवड्यात बदलायला सांगते, आणि कुठलंही जुनं सेंटर विकत घ्यायला निघालात तर मालकाने दाखवलेल्या ताळेबंदाआधी तोच ड्रॉवर उघडून बघा.