पेलेट बनवताना ऊर्जा कुठे वाया जाते? या चुका टाळा

पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या. त्या बनवताना टनामागे वीज जास्त लागली की पहिला संशय प्रेसच्या, म्हणजे माल दाबणाऱ्या यंत्राच्या, मोटरवर जातो. पण माल ओला असेल, तर सर्वाधिक ऊर्जा त्याआधीच ड्रायर खातो.

50 टक्के ओलाव्याच्या लाकडी भुशापासून 10 टक्क्यांचे 1 टन पेलेट करायचे, तर 1,800 किलो माल घेऊन 800 किलो पाणी उडवावे लागते. किलोभर पाण्याची वाफ व्हायला किमान 0.63 किलोवॉट-तास उष्णता हवी. ड्रायरमधली गळती धरली की हा आकडा 1 च्या आसपास जातो. तोच माल आधी पसरून, खालीवर करून 30 टक्क्यांवर आणा. ड्रायरसाठी जेमतेम 286 किलो पाणी उरते. हे काम टाळून थेट ड्रायर पेटवणे ही सर्वांत महागडी चूक.

हाताला कोरडा लागला म्हणून माल वाळला असे समजू नका. 100 ग्रॅम नमुना 105 अंश सेल्सिअसला वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवा; जितके ग्रॅम घटले, तितके टक्के ओलावा. लाकडी भुशाला 8 ते 12 टक्के ठीक. जास्त असेल तर पेलेट फुगतात, तडकतात. फार कमी असेल तर लिग्निन (पेलेट बांधून ठेवणारा लाकडातला नैसर्गिक चिकट घटक) मऊ व्हायला जास्त उष्णता लागते, घर्षण वाढते, मोटरचे अँपिअर चढतात आणि डाय (माल ज्या भोकांतून दाबला जातो ती जाड पोलादी चकती किंवा कडे) धुरावते. अशा वेळी 6 टक्क्यांच्या 100 किलो मालात साधारण साडेचार किलो पाणी फवारून काही तास मुरू द्या. प्रेसच्या तोंडाशी ओतलेले पाणी नुसते वरवर राहते.

हॅमर मिलला (फिरत्या हातोड्यांनी माल बारीक करणाऱ्या गिरणीला) विनाकारण बारीक चाळणी लावू नका. जाळी जितकी बारीक तितकी दळणाची वीज जास्त, आणि पीठ झालेल्या मालाने पेलेट मजबूत होतातच असे नाही. बोथट हातोड्या मात्र लगेच उलटवा किंवा बदला.

माल बदलला तरी डाय तीच, हीसुद्धा नेहमीची चूक. भोक मालाच्या मानाने लांब असेल तर मोटर दमते, डाय तुंबते. आखूड असेल तर पेलेट ठिसूळ येतात. तो चुरा पुन्हा दाबायचा म्हणजे त्याच मालावर दुसऱ्यांदा वीज.

प्रेस बंद करण्याआधी तेल मिसळलेला भुसा डायमधून जाऊ द्या. नाहीतर भोकांतला माल थंड होऊन दगडासारखा घट्ट होतो आणि सकाळी ड्रिलने एकेक भोक मोकळे करावे लागते.